लाल बुटांच्या हत्तीची वॉटरबॅग

प्रिय नाना,

सप्रेम जयभीम.

तुम्ही गेल्याला सात महिने होतील. इतक्या दिवसांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहायला बसलेय ते तुमची आठवण आली म्हणून नव्हे. आज शुक्रवार, माझी सुट्टी. इथे मस्कतच्या बाजारात गेले होते आणि तिथे मला तुमचा हत्ती भेटला.

तोच तो. लाल गमबूट घातलेला, सोंड वर केलेला, पोट पुढे काढून उभा. त्याचं खरं नाव तेव्हाही आपल्याला कळलं नव्हतं आणि आजही मी विचारलं नाही. एका मल्याळी माणसाचं दुकान आहे, त्यात एक अख्खी भिंत त्या हत्तीने भरलेली. डबे, कंपासपेट्या, सपाता, टॉवेल, आणि सगळ्यात वरच्या खिळ्याला लटकवलेली वॉटरबॅग. इतकी वर्षं झाली, तुम्ही म्हातारे होऊन गेलातसुद्धा, आणि हा मात्र आहे तसाच हसतोय! मला इतका राग आला त्याचा.

गेले होते करुणासाठी. आपल्या सिधूची पोरगी जूनमध्ये पहिलीत जाणार, त्याने पत्रात लिहिलं होतं की आत्याने तिला काहीतरी चित्रांचं आणावं. दुकानदाराने वॉटरबॅग काढून हातात दिली. "ले लो सिस्टर, बच्चे खूश हो जाते हैं." मी ती धरून उभीच राहिले. त्याने तीनदा किंमत सांगितली, तिसऱ्यांदा तर न विचारता कमी केली. मी ती परत ठेवली आणि बाहेर पडले.

पुढे काय झालं ते शेवटी सांगते. आधी तुमच्याशी जे बोलायचं राहिलंय ते बोलून घेते. तुम्हाला आता ऐकावंच लागेल, उठून सायकल काढून जाता येणार नाही.

आठवतंय ना, तुम्ही जपानला गेलात तो दिवस? उरवड्याच्या कारखान्यात नवं मशीन येणार होतं, ते शिकायला एक साहेब आणि एक फिटर पाठवायचा ठरला, आणि फिटर म्हणून तुमचं नाव निघालं. अख्खी वस्ती तुम्हाला एसटीपर्यंत सोडायला आली. आईने कुणाकडून तरी सूटकेस मागून आणली होती, तिचं कुलूप लागत नव्हतं म्हणून वरून सुतळी बांधली. गावातले तात्या, ज्यांच्या शेतात आई भाताच्या आवणीला जायची, ते ओट्यावरून म्हणाले होते, "साहेबाची बॅग उचलाय कुनीतरी लागतंयच की!" तुम्ही हसलात. तुम्ही नेहमी हसायचात तात्यांपुढे.

दोन महिन्यांनी आलात तेव्हा सुतळी तीच होती, पण सूटकेस फुगलेली. आईला घडीची छत्री, सिधूला पेन्सिली, मला वॉटरबॅग. आणि एक टॉवेल, त्यावरही तोच हत्ती. टॉवेल कुणासाठी म्हणून विचारलं तर तुम्ही सांगितलेली गोष्ट वस्तीत महिनाभर पुरली!

चार मजली दुकान, सगळं फक्त लहान पोरांचं. तुम्ही आत शिरलात तर दारातल्या पोरीने वाकून नमस्कार केला. तुम्हीही वाकलात. मग ती परत वाकली, मग तुम्ही परत. "कंबार मोडली माजी, पन ती काय थांबंना!" तुम्ही सांगायचात आणि बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. तिला पाणी प्यायची वस्तू हवी हे कसं सांगायचं? तुम्ही खूण केलीत. दोन्ही हातांची ओंजळ करून तोंडाशी नेलीत. तिला वाटलं, या माणसाला तोंड धुवायचंय. ती पळत गेली आणि टॉवेल घेऊन आली. तुम्हाला नको म्हणायचा संकोच वाटला म्हणून तो घेतलात. मग गळ्यात पट्टा अडकवल्याची खूण केलीत, तेव्हा कुठे वॉटरबॅग मिळाली.

सगळे हसले, मीही हसले. नऊ वर्षांची होते. इथे नर्स म्हणून आल्यावर, दिवसातून शंभर पेशंट मला पाण्याची खूण करताना पाहिल्यावर माझ्या लक्षात आलं, नाना. माणसं अंगठा तोंडाशी नेतात. पेला धरल्यासारखी मूठ करतात. ओंजळ कुणी करत नाही. इतक्या लांब, जिथे तुमचं गाव कुणाला ठाऊक नाही, आडनाव कुणाला वाचता येत नाही, तिथे पाणी म्हटल्यावर तुमचे हात असे का जुळले? तिथे पेला उचलायला तुम्हाला कोण अडवणार होतं?

शाळेच्या पडवीत रांजण होता. त्याला आपण हात लावायचा नाही, हे कुणी फळ्यावर लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं. वरच्या वर्गातला एक मुलगा ओगराळ्याने वरून पाणी ओतायचा, आपल्या वस्तीतली पोरं खाली ओंजळ धरायची. तो गैरहजर असला किंवा त्याची लहर फिरली की आम्ही शाळा सुटेपर्यंत तसेच. मी हे घरी कधी सांगितलं नव्हतं. सांगायचं काय होतं? तुम्हीही त्याच शाळेत होतात. तुम्हाला माहीत होतं म्हणून तर चार मजल्यांच्या दुकानात तुम्हाला बाहुली दिसली नाही, फ्रॉक दिसला नाही, वॉटरबॅग दिसली. हे मी मान्य करते. हे मान्य केल्यामुळेच पुढचं जास्त लागतं.

अकरा दिवस, नाना! अकरा दिवस मी शाळेत माझं माझं पाणी प्यायले. पहिल्या दिवशी तर लहान सुट्टीच्या आतच सगळं संपवलं, तहान नव्हती तरी. लाल झाकण उघडायचं, ते पेल्यासारखं वापरता यायचं, पण मी कधी वापरलं नाही. सरळ तोंड लावायची. रांजणाकडे पाठ करून, भिंतीला टेकून, सगळ्यांना दिसेल अशी.

मग तो रविवार आला.

वस्तीत वीज यायची होती. बारा घरं, बाराही घरांत कंदील. वायरमनने सांगितलं होतं की एक खांब तात्यांच्या बांधावर रोवावा लागेल आणि त्याला तात्यांची सही पाहिजे. वर्षभर तुम्ही हेलपाटे घालत होतात. आज बघू, उद्या बघू. आणि आदल्या दिवशी तात्यांचा निरोप आला, "जपानचं काय काय आनलंय, आमाला दावशील का न्हाई?" रविवारी सकाळी तुम्ही आईची छत्री घेतलीत, मला म्हणालात, "ती पिशवी बी घे गळ्यात. चल." मला वाटलं, मला मिरवायला नेताय. मी आईकडून दोन वेण्या घालून घेतल्या, लाल रिबिनी लावून, हत्तीच्या बुटांना शोभतील अशा.

तात्या ओट्यावर बसले होते, आपण खाली अंगणात उभे. तात्यांनी छत्री उघडून पाहिली, मिटून पाहिली. तेवढ्यात त्यांचा नातू पप्पू आला. त्याने हत्ती पाहिला आणि पाय आपटायला लागला, "मला पायजे! मला पायजे!"

तुम्ही माझ्याकडे एकदा बघायचं होतंत. एवढंच म्हणणं आहे माझं. एकदा बघितलं असतंत, डोळ्यांनी विचारलं असतंत, तर मी स्वतः काढून दिली असती कदाचित. कंदिलाच्या काजळीचा मलाही कंटाळा आला होता. पण तुम्ही पप्पूकडे बघत होतात. त्याच्याकडे बघत बघतच तुम्ही माझ्या डोक्यावरून पट्टा काढलात. तो रिबिनीत अडकला. तुम्ही ओढलात. रिबीन सुटली.

"घ्या पप्पूशेठ! तुमच्यासाटीच आनलीया."

तात्या म्हणाले, "वापरल्याली हाय का रं?"

"न्हाई न्हाई तात्या! नवी कोरी हाय. पोरीनं अजून तोंडसुदीक लावलं न्हाई."

नाना, मी तिथे उभी होते. तुमच्या हाताएवढ्या अंतरावर. सुटलेली रिबीन धरून. अकरा दिवस मी ज्यातून प्यायले, जी रोज सकाळी तुम्हीच घरच्या हंड्यातून भरून द्यायचात, तिला माझं तोंडच लागलं नव्हतं म्हणे! काय वाटलं होतं तुम्हाला? जपानची वस्तू म्हणजे तिच्यावर कुणाचा स्पर्श चिकटत नाही? की राखेने धुतली की मी पुसली जाईन? हो, तुम्ही आदल्या संध्याकाळी ती राखेने घासली होतीत. मी पाहिलं होतं. माझ्यासाठी स्वच्छ करताय असं वाटलं होतं मला. म्हणजे तुम्ही ठरवूनच निघाला होतात.

माझ्या तोंडून निघून गेलं. मोठ्याने. "लावलंय! मी रोज पितीया त्यातनं."

आतून तात्यांची सून आली आणि पप्पूला दंडाला धरून आत घेऊन गेली. तात्या हसले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे," म्हणाले, "ठिव हितंच खाली. धुऊन घिऊ." परतही दिली नाही, नाना! घेतलीही नाही धड, आणि परतही दिली नाही. आणि सहीचं तुम्ही विचारलंत तेव्हा म्हणाले, "पावसाळा होऊ दे. मग बघू."

परत येताना तुम्ही पुढे चाललात, मी मागे. ओढ्याशी थांबलात, वाकून ओंजळीने पाणी प्यायलात. मला म्हणालात, "पे." मी प्यायले नाही. मला तुम्ही मारलं नाहीत, ओरडला नाहीत. त्याबद्दल मी तुमचे उपकार मानायचे की काय? मारलं असतंत तर निदान दोघांचं भांडण झालं असतं.

दिवाळीच्या सुमाराला आईबरोबर तात्यांच्या गोठ्यात गवताचे भारे टाकायला गेले होते. खुंटीला हत्ती लटकत होता. झाकण गायब. वासराला औषध पाजायला बरी पडते, गडी म्हणाला. वासराचं तोंड चाललं त्यांना. आईनेही पाहिलं होतं.

आणि खांब? खांब तीन वर्षांनी आला, तात्यांना विहिरीवर मोटर बसवायची होती तेव्हा. त्यांच्या गरजेने आला, कुणाच्या वॉटरबॅगने नाही. पण ती तीन वर्षं! वस्तीत कुणाच्या कंदिलाची काच तडकली, कुणाचं रॉकेल संपलं, की हसत हसत यायचंच, "विमलला इचारा! तिनं घालवला की खांब." नानाच्या पोरीनं खांब घालवला. दहा वर्षांच्या मुलीला हे किती वेळा ऐकवायचं? ती माणसं वाईट नव्हती, थट्टा करायची. तुम्ही ओसरीवर बसलेले असायचात, तोच टॉवेल खांद्यावर टाकून. एकदाही म्हणाला नाहीत, "पोरगी खरं बोलली." तीन शब्द, नाना. जपानमध्ये त्या पोरीपुढे दहा वेळा वाकलात. माझ्यासाठी हे तीन शब्द बोलायला काय जड होतं?

आणि एक सांगा. तो टॉवेल तर खरंच नवा कोरा होता, त्याला कुणाचंच तोंड लागलं नव्हतं. तोच द्यायचा होतात की पप्पूला! हे मला इथे आल्यावर सुचलं, नाइट ड्यूटीत. इतकं हसू आलं की शेजारची सिस्टर घाबरली. तुम्हाला कधी सुचलं होतं का हो? की म्हणूनच तो टॉवेल तुम्ही फाटेपर्यंत वापरलात?

नर्सिंगला निघाले त्या दिवशी, एसटीच्या थांब्यावर, मी एकदाच विषय काढला होता. "नाना, मी पीत हुते त्यातनं. तुमाला ठावं हुतं." तुम्ही माझी ट्रंक उचलून टपावर चढवणाऱ्याच्या हातात दिलीत. मग म्हणालात, "व्हय." बस्स. आणि लगेच, "खिडकीशी बस. घाटात मळमळतं तुला." पिरंगुटचा घाट उतरेपर्यंत मी तुमच्या त्या 'व्हय'चा अर्थ लावत होते. कबुली होती? माफी होती? की नुसता विषय संपवलात? पुढे मस्कतहून सगळी पत्रं मी आईला लिहिली. खाली एक ओळ असायची, नानांना नमस्कार. तुम्हालाही ती पुरत असावी, कारण तुम्ही कधी तक्रार केली नाहीत.

आता माझंही एक ऐका. तुम्ही गेल्याची तार आली तेव्हा मी घरी कळवलं की रजा मिळाली नाही. खोटं होतं ते. मी रजा मागितलीच नाही. मेट्रन चांगली बाई आहे, लगेच दिली असती. मी तार खिशात ठेवली आणि वॉर्डमध्ये गेले, आणि दिवसभर लोकांच्या तोंडाशी पाणी धरत राहिले. सिधू लिहितो, शेवटी तुमच्या उशाशी तोच टॉवेल होता, हत्ती पार विटला होता, फक्त बूट ओळखू येत होते. वाचून मी पत्र मिटून ठेवलं. म्हणजे तुमची मुलगी शोभते मी. गरज पडली की सरळ चेहऱ्याने खोटं बोलते. तुमच्या खोट्याला निदान बारा घरांचा उजेड मिळवायचा होता. माझ्या खोट्याला काहीच मिळवायचं नव्हतं, फक्त तुम्हाला दुखवायचं होतं, आणि तुम्ही तर दुखण्यापलीकडे गेला होतात.

मला याची लाज वाटते, नाना. पण राग गेलेला नाही. दोन्ही एकदम असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आज दुकानातून बाहेर पडले आणि कोपऱ्यावर सिधूचं पत्र पर्समधून काढून परत वाचलं. शेवटच्या ओळी मी पहिल्यांदा नीट वाचल्याच नव्हत्या. तो लिहितो, "शाळेला आता नळ आलाय. पण आपल्या पोरांना अजून मागंच उभं करत्यात. म्हणून म्हणतो ताई, जमलं तर वॉटरबॅगच आण. तिची तिची सोय असलेली बरी."

तिची तिची सोय! सिधू तेव्हा पाच वर्षांचा होता, त्याला त्या रविवारचं काहीच आठवत नाही. आणि तरी त्यानेही तेच मागितलं. तुमची ओंजळ त्याच्याही हातात आलीय.

मी उलटी फिरले. दुकानदाराने मला पाहिल्यावर लगेच ती खिळ्यावरून काढली. मी टॉवेल घेतला नाही.

आता ती माझ्यासमोर टेबलावर आहे. खोलीवर आल्यावर नळाखाली विसळली, भरली आणि झाकण बाजूला ठेवून सरळ तोंड लावून प्यायले. पूर्ण. तहान नव्हती तरी. आता ही नवी कोरी नाही.

नाना, शब्द देते. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत मी येईन, या वेळी रजा मागून येईन. करुणाच्या दोन वेण्या मी घालीन. ही तिच्या गळ्यात असेल, पण रिकामी. शाळेच्या नळावर ती सगळ्यांच्या पुढे उभी राहील आणि स्वतःच्या हाताने भरून घेईल, आणि ती भरेपर्यंत मी तिच्या मागे उभी असेन. आम्ही तात्यांच्या ओट्यासमोरून जाऊ, दुसरी वाट असली तरी. म्हातारा अजून बसतो म्हणे तिथे. त्याने विचारलंच, नवी आहे का, तर मी सांगेन, "न्हाई तात्या. मी प्यालेय त्यातनं."

तुम्ही तेव्हा आमच्याबरोबर कुठे असलात, तर दुसरं काही बोलू नका. या वेळी फक्त मोठ्याने, त्यांना ऐकू जाईल असं म्हणा, "व्हय."

तुमची,
विमल